रात्रभर धो धो पाऊस, दुपारी मॅच: मैदान खेळण्याजोगं आहे हे कसं ठरवायचं?

चिखलवाट | सकाळी ७:४०

फुटबॉल लीगच्या दोन मॅच आज एकाच मैदानावर आहेत, पहिली ३ वाजता आणि दुसरी ५ वाजता. मैदान १०५ बाय ६८ मीटर, गवत नैसर्गिक, खाली चिकण माती. मैदानाच्या पोटात पाइप नाहीत. दोन्ही टचलाइनच्या, म्हणजे लांब बाजूंच्या रेषांच्या, बाहेर चर आहेत आणि त्यांचं पाणी एका कोपऱ्यातल्या पाइपमधून नाल्यात जातं. रात्रीत पर्जन्यमापकात ४० मिमी भरला. सातला पाऊस थांबलाय, दुपारी एखाद-दुसरी सर येईल असा अंदाज आहे.

आत्ताची स्थिती: एका गोलच्या तोंडाशी साधारण ५ बाय ४ मीटरचं डबकं, खोल जागी दोन बोटं पाणी. दुसऱ्या बाजूच्या पेनल्टी एरियात पाणी दिसत नाही, पण चालताना पचपच वाजतं. बाकी मैदान वरून बरं दिसतंय.

संघांचे फोन सुरू झालेत. कुणी म्हणतं रोलर फिरवा, कुणी म्हणतं वाळू टाका, कुणी म्हणतं ऊन पडलंय, दुपारपर्यंत वाळेल. हातात सात तास आहेत. काय करावं, काय करू नये, शेवटी निर्णय कुणाचा आणि संघांना आत्ता काय सांगावं?

---

मैदानमाळी | सकाळी ८:०५

रोलर अजिबात नको. बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐका. मातीच्या कणांमधल्या पोकळीत सध्या पाणी भरलंय. त्यावर वजन फिरवलं की पोकळी दबते, वर गुळगुळीत साय धरते आणि पुढच्या पावसाला मुरायला वाटच राहत नाही. मैदान आज सपाट दिसेल आणि पुढचे कित्येक पाऊस पाणी धरून बसेल.

'ऊन पडलंय, वाळेल' याचा एकदा हिशोब करून बघा. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. तुमचं मैदान ७,१४० चौरस मीटर. ४० मिमीचे झाले २,८५,६०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे साडेअठ्ठावीस टँकर. कडक उन्हात गवतावरून दिवसभरात साधारण ५ मिमी पाणी उडतं, ढगाळ हवेत एक-दोन मिमी. दुपारपर्यंत ऊन फार तर दोन-तीन मिमी नेईल. उरलेलं एक तर मुरलं पाहिजे, नाही तर वाहून गेलं पाहिजे. दाबली गेलेली चिकण माती तासाला १ ते ५ मिमी पाणी पिते, आणि गोलसमोर पायांनी घट्ट झालेल्या जागी त्याहूनही कमी. टीव्हीवर भर पावसात खेळ चालू दिसतो ती मैदानं वेगळी असतात: वर ३० सेंमी वाळूचा थर, खाली १० सेंमी खडी, त्याखाली पाइपांचं जाळं. ती तासाला १५० मिमीसुद्धा रिचवतात. तुलना करू नका.

आता कामाला लागा, पण मैदानात नका शिरू. आधी कोपऱ्यातल्या त्या पाइपचं तोंड बघा. तिथे तीनपैकी एक दिसेल.

चर भरलाय आणि पाइपातून पाणी येत नाही: पाइप तुंबलाय. पालापाचोळा, प्लॅस्टिक, गाळ. पहारीने किंवा लांब बांबूने मोकळा करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि आज तुम्ही जे काही कराल त्यात याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा नाही.

पाइप धो धो वाहतोय, तरी मैदानात डबकं आहे: निचरा ठीक आहे, पाणी चरापर्यंत पोचत नाहीये. तिथली जागा खोलगट आहे किंवा वरचा थर बंद झालाय.

पाइपचं तोंडच नाल्याच्या पाण्याखाली गेलंय: मग नाला उतरेपर्यंत काहीही करून उपयोग नाही. सरळ मॅच पुढे ढकला आणि घरी जा.

डबक्याचं बघू. ५ बाय ४ मीटर, सरासरी २ सेंमी धरलं तर ४०० लिटर. १५ लिटरच्या सत्तावीस बादल्या, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोललाइनच्या मागे निदान ३ मीटर सोडून ६० सेंमी लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. त्यात २१६ लिटर मावतं. रबरी पातीच्या मोठ्या वायपरने पाणी त्या खड्ड्याकडे ढकला आणि पंप खड्ड्यात सोडा. पंप थेट डबक्यात ठेवला तर शेवटचं दोन सेंमी पाणी तो ओढत नाही, नुसती हवा खातो. खड्डा त्यासाठीच. उपसलेलं पाणी चरात, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे (हेही सांगावं लागतं).

वायपर मारताना जोर देऊ नका. आखूड हात, एकाच दिशेने. पाण्याबरोबर तपकिरी पिठलं यायला लागलं की थांबा, ती तुमची वरची माती चाललीय. उभं राहायला फळ्या टाका. दहा माणसं डबक्यात नाचली तर डबकं उपसून मागे चिखल उरतो. शेवटचा ओलावा मोठ्या स्पंजने किंवा जुन्या गादीच्या फोमने टिपा. खेळाआधी खड्डा मातीने परत भरून दाबा, नुसती फळी टाकून सोडू नका.

पाणी उचलल्यावरच दाताळ्याने भोकं पाडा, १० ते १५ सेंमी खोल, वीतभर अंतराने, दाताळं किंचित मागे-पुढे हलवून. त्याआधी पाडलीत तर फायदा नाही. खाली वाट नसलेलं भोक म्हणजे पाण्याचा पेला, आणि दात ओल्या चिकण मातीत घुसताना भोकाची भिंत लिंपून टाकतो.

शेवटी वाफसा, म्हणजे माती पुरेशी सुकलीय का, ते बघा. ५-६ सेंमी खोलवरची चिमूटभर माती घ्या आणि तळहातावर वळी वळा. आगपेटीच्या काडीपेक्षा किंचित जाड, ३ मिमीची वळी न तुटता झाली तर माती फार ओली आहे, बुटाच्या स्टडखाली ती मळली जाणार. वळताना तुकडे पडले तर ठीक. खरं सांगायचं तर ४० मिमीनंतर आठ तासांत चिकण मातीला वाफसा येत नसतो. खेळलात तर नुकसान होणारच, किती होऊ द्यायचं एवढंच तुमच्या हातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोनपैकी एकच मॅच. पहिल्या मॅचमध्ये गवताचं आवरण फाटतं. दुसरी त्या उघड्या मातीवर होते आणि बावीस जण नव्वद मिनिटं चिखलणी करतात. भातखाचरात चिखलणी कशाला करतात? पाणी खाली मुरू नये म्हणून.

---

शिट्टी | सकाळी ८:५०

निर्णय कुणाचा, याचं उत्तर वेळेवर अवलंबून आहे. रेफरी मैदानावर यायच्या आधी मैदानाचा मालक किंवा स्पर्धेचे आयोजक मैदान बंद ठेवू शकतात, आणि बहुतेक स्पर्धांच्या नियमावलीत तशी तरतूद असते. रेफरी आल्यावर खेळायचं की नाही हे तो ठरवतो. कप्तानांचं मत विचारायला हरकत नाही, पण मतदान घेऊ नका. गुणतक्त्यात ज्याला आज बरोबरी पुरते तो म्हणणार मैदान खराब आहे.

पाहणी दोनदा करा. पहिली ११:३० च्या सुमारास, संघ निघायच्या आधी. दुसरी १:४५ ला. संघांना आत्ता एवढाच निरोप द्या: '११:३० ला पाहणी, १२ वाजता कळवू, निघू नका.' अर्धवट आशेवर दोन संघ गाडीत बसले की मग 'आता आलोच आहोत तर खेळूया' हा दबाव सुरू होतो, आणि वाईट निर्णय बहुतेक त्यातूनच होतात.

पाहणीत चेंडू हातात हवा आणि पायात स्टडचे बूट. चपला घालून केलेली पाहणी पाहणी नव्हे. क्रम असा ठेवा:

दोन्ही गोल एरिया, दोन्ही पेनल्टीचे ठिपके, मधलं वर्तुळ, चारही कोपरे, आणि दोन्ही लाइन्समन ज्या पट्ट्यात पळतात तो पट्टा. हा शेवटचा सगळे विसरतात. प्रत्येक जागी चेंडू छातीच्या उंचीवरून सोडा. उसळायला हवा, कमी का होईना. 'थप्' करून जागेवर बसला तर ती जागा नापास. मग मध्यम जोराचा जमिनीलगत पास १०-१५ मीटर मारा. चेंडू मागे पाण्याची शेपटी उडवत अर्ध्यात थांबला तर नापास. टाच रोवून पाय फिरवा. बुटाभोवती पाणी वर आलं तर माती तुडुंब आहे. आणि चार-पाच पावलं जोरात पळून एकदम थांबा. पाय किती सरकतो ते बघा, कारण गुडघा जातो तो तिथेच.

एखाद्या कोपऱ्यात नापास जागा असेल तर खेळ होऊ शकतो. गोललाइनवर असेल तर नाही. चेंडू पूर्ण रेषेपार गेल्याशिवाय गोल नाही, आणि रेषेवरच्या पाण्यात अडकलेला चेंडू म्हणजे भांडणाला आमंत्रण. पेनल्टीच्या ठिपक्याचंही तसंच. चेंडू स्थिर हवा आणि त्याचा काही भाग ठिपक्याच्या मध्यावर टेकलेला किंवा मध्यावर आलेला हवा. शेजारच्या कोरड्या जागी सरकवता येत नाही. तुमचं डबकं गोलच्या तोंडाशी आहे म्हणता, तर ते १:४५ पर्यंत गेलंच पाहिजे.

गोलपोस्टचे खुंटे हलवून बघा. ओल्या मातीत खुंटा ढिला पडतो आणि उचलून ठेवायचे गोल उलटतात. गोल जमिनीला पक्के बांधलेले नसतील तर मैदान कितीही सुंदर असू दे, मॅच नाही. कोपऱ्यातले झेंडेही तपासा.

रेषा: रात्रीच्या पावसात फक्की वाहून गेली असेल. परत मारावी लागेल, पण चुना वापरू नका. ओल्या अंगाला चुना लागला की कातडी भाजते, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. खडूची पावडर किंवा मैदानाचा पांढरा रंग घ्या. पाणी उभं असलेल्या जागी रंग धरणार नाही, म्हणून रेषा सगळ्यात शेवटी. रुंदी १२ सेंमीच्या वर जाता कामा नये. विरलेल्या रेषेवर दुसरी मारताना ती हमखास पसरते.

मॅच मधेच थांबवावी लागली तर: रेफरी आधी खेळ काही वेळ तहकूब करून वाट बघू शकतो. किती वेळ, हे आयोजकांनी आधीच लिहून ठेवा. कायमची थांबवली तर फुटबॉलच्या नियम ७ प्रमाणे ती मॅच परत पूर्ण खेळवायची असते, स्पर्धेच्या नियमात किंवा आयोजकांच्या निर्णयात वेगळं काही नसेल तर. तुमच्या नियमावलीत वेगळं आहे का, ते आत्ता सकाळीच वाचा, साठाव्या मिनिटाला नको.

वाट बघणं किती ताणता येतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे १४ मे २००० ची इटालियन लीगमधली पेरूजा-युव्हेन्टस मॅच. मध्यंतराला मैदान पाण्याखाली गेलं, रेफरी कोलिना छत्री घेऊन चेंडू टाकून बघत राहिले आणि तासाभराहून जास्त थांबून दुसरा हाफ खेळवला. युव्हेन्टस १-० ने हरले आणि लीगचं विजेतेपद लाझिओकडे गेलं. उलट वॉर्सॉमध्ये १६ ऑक्टोबर २०१२ ला पोलंड-इंग्लंड मॅच सुरूच झाली नाही. स्टेडियमला बंद होणारं छप्पर होतं, ते उघडं राहिलं. मॅच दुसऱ्या दिवशी झाली, १-१. थांबायचं की पुढे ढकलायचं, दोन्ही निर्णय रास्त असू शकतात. फक्त निकष आधी ठरलेले असावेत.

---

चिखलवाट | सकाळी १०:२५

दोघांचेही आभार. पाइप खरंच तुंबलेला होता, पानं आणि एक फाटकी गोणी निघाली. आता चर उतरतोय. डबकं उपसून झालं, जवळपास तीस बादल्या निघाल्या. पण त्या जागी आता गवत नसलेला मऊ चिखल आहे, टाच अर्धी बुडते. दुसऱ्या पेनल्टी एरियात टाच रोवली की पाणी अजून वर येतं, पण सकाळपेक्षा कमी.

वाळूची एक गाडी मिळतेय. टाकू का?

---

मैदानमाळी | सकाळी १०:४०

वाळू औषध आहे, पण वेळेवर दिलं तर. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली तर मातीचे बारीक कण वाळूच्या फटींमध्ये जाऊन बसतात आणि वाळली की विटेसारखी होते. निचरा सुधारायला त्या थरात दहात सात-आठ भाग वाळू असावी लागते. वरचे ५ सेंमी धरले तर जवळजवळ ४ सेंमी वाळू झाली. मैदानभर तेवढी टाकायला तुमच्या एका गाडीने काय होणार? पूर्ण मैदानावर नुसता ५ मिमीचा हात फिरवायचा तर ३५ घनमीटरच्या वर लागते, आणि तेही कोरड्या दिवसांत, भोकं पाडून, टप्प्याटप्प्याने.

बांधकामाची वाळू असेल तर आणखी एक अडचण. त्यात बारीक गाळापासून खड्यापर्यंत सगळं असतं, ते एकमेकांत घट्ट बसतं. खडे घसरणाऱ्या खेळाडूची मांडी सोलतात.

---

गोलमागे | सकाळी १०:५८

मैदानभर टाकू नका याच्याशी शंभर टक्के सहमत, पण गोलच्या तोंडाशी टाका. तिथे गवत नाहीच, आणि ती जागा हंगाम संपल्यावर खणून नव्याने भरावी लागते, मग आज विटेसारखी झाली काय आणि नाही काय. गोलकीपरला पाय रोवायला जागा नसेल तर तो प्रत्येक कॉर्नरला पडेल.

पद्धत: आधी फावड्याने वरचा पातळ रेंदा, दोन-तीन सेंमी, खरवडून काढा आणि बाहेर न्या. खालचा घट्ट थर लागला की त्यावर चाळलेली मध्यम जाडीची वाळू तीन सेंमी टाका, लाकडी दाताळ्याने ओढून आजूबाजूला समपातळीत आणा. ५ बाय ४ मीटरला ०.६ घनमीटर, घमेल्यांनी वाहून होण्याइतकीच. पायाने तुडवा, रोलर नाही. मॅचनंतर ती वाळू खरवडून वेगळी काढता येते. चिखलावर सरळ ओतलीत तर दहा मिनिटांत खाली मिसळते आणि परत काही हाती लागत नाही.

लाकडाचा भुसा मात्र नको. पाणी पितो हे खरं, पण भिजला की साबणासारखा होतो आणि कुजताना गवताचं नत्र खातो.

---

मैदानमाळी | सकाळी ११:०५

रेंदा आधी काढणार असाल तर मान्य. बहुतेक जण तेवढंच काम टाळतात.

---

डावी_बगल | सकाळी ११:३०

अशा मैदानावर खेळायचं कसं हे संघांना काय सांगावं, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खेळाडू 'ओलं मैदान' एकच समजतात, पण ती दोन वेगळी मैदानं आहेत. पाणी उभं नसलेलं ओलं गवत चेंडूला पळवतं: टप्पा खाली राहतो, पास अपेक्षेपेक्षा लांब जातो. तुडुंब माती किंवा डबकं चेंडूला गिळतं. तुमच्या मैदानावर आज दोन्ही आहेत, आणि ती सीमा कुठे आहे हे ज्या संघाला आधी कळेल तो पहिली वीस मिनिटं खाऊन टाकेल. कप्तानाने टॉसआधी चेंडू घेऊन एक चक्कर मारावी आणि बाजू निवडताना ते लक्षात ठेवावं. मैदान मॅचभर आणखी खराब होत जातं, त्यामुळे बरा अर्धा भाग दुसऱ्या हाफला हल्ल्यासाठी मिळेल असं बघणं शहाणपणाचं.

मऊ भागात जमिनीलगत पास नाही, चेंडू हवेतून. ड्रिब्लिंग करणारा डबक्यात चेंडू मागे सोडून स्वतः पुढे जातो, हे दर पावसाळी मॅचला दिसतं. गोलकीपरला बॅकपास द्यायचाच तर गोलच्या बाहेरच्या बाजूला द्या, चौकटीच्या दिशेने कधीच नाही. गोलकिक आखूड नको. लांबून जमिनीलगत मारलेले शॉट आज सोन्याचे, कारण गोलकीपरसमोर टप्पा सरकतो. गोलकीपरने चेंडूमागे अंग ठेवावं, आणि पकडता येत नसेल तर मधे नाही, बाजूला ढकलावं. पाठीमागच्या डिफेंडरने रिबाउंड येणारच असं धरून उभं राहावं.

३ जुलै १९७४ ला फ्रँकफर्टला पश्चिम जर्मनी-पोलंड ही वर्ल्डकपची मॅच अशाच पाण्यात झाली. अग्निशमन दलाने पंप लावले, खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला, तरी जागोजाग चेंडू थांबत होता. पोलंडची सगळी ताकद विंगवरच्या वेगात होती आणि वेगच बंद झाला. म्युलरच्या ७६ व्या मिनिटाच्या गोलवर जर्मनी १-० ने जिंकली. तुमचा संघ वेगावर खेळत असेल तर आज दुसरं काहीतरी हाताशी ठेवा.

बूट: मऊ मातीसाठी सहा स्टडचे, पुढे १३ आणि मागे १५-१६ मिमीच्या आसपास. बारा-तेरा आखूड स्टडच्या बुटात चिखल भरून तळ सपाट होतो आणि मग स्टड असून नसल्यासारखे. बाकावर एक काडी आणि ताठ ब्रश ठेवा, मध्यंतराला तळ साफ करा. चेंडू निदान चार, कोरड्या टॉवेलसकट. शिवलेला चेंडू पाणी पितो, उष्णतेने जोडलेला कमी. मॅच सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅममध्ये असायला हवं, सकाळपासून पावसात पडलेला सरावाचा चेंडू त्यात बसेलच असं नाही.

सराव मैदानाबाहेर. गोलच्या तोंडाशी वीस मिनिटं शॉट मारून मॅचआधीच ती जागा संपवू नका.

---

हिरवी_चटई | दुपारी १२:१०

धागा नैसर्गिक गवताचा आहे, पण कुणी शोधत इथे आलं तर: कृत्रिम गवताला वरचं बहुतेक लागू नाही. फिफाच्या चाचणीत त्याने तासाला १८० मिमीपेक्षा जास्त पाणी खाली सोडायला हवं. त्यामुळे तिथे डबकं दिसलं तर पाऊस जास्त झाला असं म्हणून सोडून देऊ नका, खालचा थर गाळाने बुजलाय किंवा बाहेरचा निचरा बंद आहे. जोरात वायपर मारला की रबराचे दाणे निघून कडेला ढीग होतात, मधे उघडं पडतं. पाण्याबरोबर दाणे तरंगूनही वाहतात. पाणी उतरल्यावर ब्रशने परत पसरवा. दाताळ्याची भोकं अर्थातच नाहीत, आणि धातूचे स्टड बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

---

शिट्टी | दुपारी १२:२०

दुपारी सर आहे म्हणालात, तर विजेचं लिहून ठेवतो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज एका किलोमीटरला साधारण ३ सेकंद घेतो. ३० सेकंद किंवा कमी म्हणजे वीज १० किमीच्या आत, खेळ बंद, सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, आणि मधे परत गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून. यात ताणाताणी नाही, फायनल असली तरी नाही. मांडव, झाड, गोलपोस्ट, प्रकाशझोतांचे खांब आणि तारेचं कुंपण यांच्यापासून दूर. पक्की इमारत किंवा बंद गाडी चालते. १५ जून २०१२ ला युरो स्पर्धेत युक्रेन-फ्रान्स मॅच सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली होती, वादळ आलं तसे रेफरींनी खेळाडू आत नेले आणि जवळजवळ तासाने परत आणले.

चेंडू खेळात असताना थांबवलं असेल तर परत सुरुवात ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफरी चेंडू जमिनीवर सोडतो. म्हणून थांबवताना वेळ, चेंडूची जागा आणि तो कुणाकडे होता हे टिपून ठेवा. पेन्सिलने. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. मध्यंतर १५ मिनिटांहून वाढवायचं तर रेफरीची परवानगी लागते. खेळाडूंना कोरडे मोजे बदलायला वेळ द्या, पण थंड पडेपर्यंत नको.

पंपाची आणि ध्वनिक्षेपकाची वायर ओल्या गवतातून गेली असेल तर मॅचआधी काढून टाका. आणि मैदानात नाल्याचं पाणी शिरलेलं असेल, नुसतं पावसाचं नसेल, तर खेळूच नका. खरचटलेल्या कातडीतून लेप्टोसारखे आजार शिरतात, आणि फुटबॉलमध्ये खरचटल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

---

चिखलवाट | दुपारी १:५५

नाल्याचं पाणी आत आलेलं नाही, फक्त पावसाचं. दुसरी पाहणी झाली. रेंदा काढून वाळू टाकलेली जागा पास, गोललाइन कोरडी. एका कोपऱ्यात आणि लाइन्समनच्या पट्ट्यात थोडी पचपच आहे, रेफरीने चालेल म्हटलंय. पहिली मॅच होणार. पाचची मॅच पुढे ढकलली, संघांना बाराला कळवलं होतं. शेवटचा प्रश्न: मॅच संपल्यावर संध्याकाळी काय करायचं? उद्या मुलांचा सराव आहे.

---

मैदानमाळी | दुपारी २:१०

उद्याचा सराव नाही. निदान ४८ तास मैदान बंद, आणि त्यानंतरही वळीची परीक्षा घेऊनच उघडा.

आज शिट्टी वाजली की अंधार पडायच्या आत चार जण दाताळी घेऊन फिरवा. उखडलेली गवताची ढेकळं ओली असतानाच परत बसतात. ढेकूळ जागेवर ठेवा, कडेने दाताळं घालून आजूबाजूची माती आत ढकला आणि बुटाच्या तळाने हलकं दाबा. उद्यापर्यंत पडून राहिलं तर मुळं वाळतात आणि मग ते नुसतं गवत राहतं. स्टडने पडलेल्या खोल घळी उलट्या दाताळ्याने कडेकडून आत ओढा. मधे माती ओतून भरू नका, ती खाली बसून परत खळगा होतो. गोलसमोरची वाळू वरवर खरवडून एका बाजूला घ्या.

माती वाफशावर आली की, म्हणजे हाताला ओलसर लागते पण बोटाला चिकटत नाही, तेव्हा सगळ्यात जास्त तुडवलेल्या जागी १० सेंमी खोल भोकं पाडा. त्या दिवशी भोकाची भिंत लिंपली जात नाही. रोलर फिरवायची हौस असेल तर त्यानंतर, एकदाच, हलका.

पावसाळा संपला की मैदानात आडवे वाळूचे चर घेण्याचा विचार करा: ५ सेंमी रुंद, २५ ते ३० सेंमी खोल, एकेक मीटरवर, टचलाइनच्या चराला जोडलेले. तोवर दर मोठ्या पावसाआधी त्या पाइपच्या चराकडच्या तोंडाला जाळी लावून ती साफ ठेवा. गोणी परत येईल.